अंगणवाडीचा शिधा आणि बाळंतपणातले मृत्यू : गोव्यात काय केलं तर उपयोग होईल

प्रश्न थोडक्यात असा आहे : गोव्यात जवळजवळ सगळी बाळंतपणं इस्पितळात होतात, अंगणवाडीतून गरोदर बायकांना शिधा मिळतो, गोळ्याही फुकट मिळतात. मग सरकारी पोषण कार्यक्रमांनी मातामृत्यू आणखी कमी होतील का? आणि पंचायतीने किंवा गावच्या आरोग्य-पोषण समितीने त्यासाठी नेमकं काय करावं?

होतील, पण फक्त शिधा वाटून होणार नाहीत. जास्तीच्या आहाराने बाळाचं जन्मवजन वाढतं याला चांगला आधार आहे. त्याच आहाराने आईचा मृत्यू टळतो असं अजून कुणी दाखवून दिलेलं नाही. आईचा जीव वाचतो तो पोटात गेलेल्या लोहाने, काही प्रमाणात कॅल्शियमने, आणि शिध्याच्या निमित्ताने ती दर महिन्याला कुणाच्या तरी नजरेखालून जाते म्हणून. म्हणून तालुक्याचा कार्यक्रम कसा चाललाय हे मला सांगायचं असेल तर मी किती पाकिटं वाटली हे विचारणार नाही. ३४व्या आठवड्यात किती जणींचं हिमोग्लोबिन (शंभर मिलिलिटर रक्तामागे ग्रॅममध्ये) ११च्या वर आहे, एवढंच विचारेन.

आधी आकड्यांचं एक कोडं. देशाचं मातामृत्यूचं प्रमाण २००४-०६ मध्ये लाख जिवंत जन्मांमागे २५४ होतं, ते २०१८-२० मध्ये ९७ वर आलं. २०३०पर्यंत ते ७०च्या खाली आणायचं आहे. गोव्यात वर्षाला वीस हजारांच्या आतबाहेर जन्म होतात. म्हणजे एक मृत्यू वाढला किंवा घटला की प्रमाण पाचने हलतं. एखाद्या वर्षी चार मृत्यू कमी झाले म्हणून पाठ थोपटून घेण्यात अर्थ नाही, आणि चार वाढले म्हणून कार्यक्रम फसला असंही म्हणता येत नाही. एवढ्या लहान राज्यात मृत्यूचा आकडा हे दर महिन्याचं मोजमाप होऊच शकत नाही. प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी व्हायला हवी, ती होतेही. पण कार्यक्रम मोजायचा तर मृत्यूच्या दोन पायऱ्या अलीकडे मोजावं लागतं : कळा सुरू झाल्या तेव्हा रक्त किती होतं, आणि प्रसूतीनंतर किती जणींना रक्त चढवावं लागलं.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातल्या गरोदर बायकांपैकी साधारण ४१ टक्के जणींना रक्तक्षय होता. देशाचा आकडा ५२ टक्के. गोव्यासारख्या राज्यात या पाहणीत सापडणाऱ्या गरोदर बायकांची संख्या लहान असते, त्यामुळे मागच्या पाहणीपेक्षा नेमकी किती वाढ झाली यावर वाद घालत बसू नये. दहांतल्या चार जणी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. साक्षरता, रस्ते, इस्पितळं यांत पुढे असलेल्या राज्याला हा आकडा शोभत नाही.

रक्त कमी असल्याने बाई मरते कशी, हे नीट समजून घेतलं तर पुढचं सगळं आपोआप समजतं. पूर्ण दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त जात असतं. वार पडल्यावर गर्भाशय आवळला नाही, तर बादली भरायला वेळ लागत नाही. हिमोग्लोबिन १२ असलेली बाई एक लिटर रक्त गेलं तरी बऱ्याचदा तग धरते, आणि तेवढ्या वेळात इंजेक्शन, सलाईन, रक्ताची पिशवी यांची सोय होते. ६ असलेल्या बाईला अर्धा लिटरही झेपत नाही. त्यात तीव्र रक्तक्षयात गर्भाशयाचा स्नायूही नीट आवळत नाही, म्हणजे स्राव जास्त आणि तो सोसायची ताकद कमी. शिवाय बाळंतपण होताच गर्भाशयातलं रक्त एकदम शरीरात परत येतं, आणि आधीच दमलेलं हृदय तो भार घेऊ शकत नाही. मग रक्तस्राव फारसा नसतानाही काही तासांत धाप लागते, फुप्फुसात पाणी भरतं. टाक्यांतला, गर्भाशयातला जंतुसंसर्गही अशा बाईत लवकर पसरतो.

गोव्याच्या भूगोलाचा संबंध इथे येतो. काणकोणहून मडगावचं जिल्हा इस्पितळ चाळीसेक किलोमीटर, बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ) त्याहून बरंच पुढे. नेत्रावळीच्या किंवा सत्तरीच्या आतल्या वाड्यावरून निघालं तर घाटवळणं वेगळी. १०८ची रुग्णवाहिका लगेच आली तरी वाटेतला तासभर बाईने स्वतःच्या रक्तावर काढायचा असतो. तो तास तिला मिळेल की नाही, हे चौथ्या-पाचव्या महिन्यात ठरलेलं असतं.

आता मोजण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. उपकेंद्रावर बोट टोचून डिजिटल यंत्राने हिमोग्लोबिन बघतात. यंत्र चांगलंच असतं, चुकतो तो हात. बोट गार असेल तर आधी चोळून किंवा कोमट पाण्यात धरून गरम करायचं. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं, ओलं असताना टोचलं तर थेंब पसरतो आणि पातळ होतो. मधल्या किंवा अनामिकेच्या टोकाला, मध्यभागी नाही, जरा कडेला टोचायचं. पहिले दोन थेंब कापसाने पुसून टाकायचे आणि आपोआप आलेला तिसरा, मोठा थेंब पट्टीला लावायचा. थेंब येत नाही म्हणून बोट पिळलं की रक्ताबरोबर पेशींभोवतालचं पाणी येतं आणि आकडा खरा असतो त्याहून कमी दिसतो. पट्ट्यांची बाटली उघडी राहिली तर आपल्या पावसाळ्याच्या दमट हवेत पट्ट्या बिघडतात. जूननंतर एखाद्या केंद्रावरच्या सगळ्याच जणींचे आकडे अचानक बदलले, तर बायकांना दोष देण्याआधी बाटलीचं झाकण आणि मुदतीची तारीख बघा. याहून वाईट प्रकार म्हणजे न टोचता लिहिलेला आकडा. रजिस्टरमध्ये ओळीने १०.२, १०.४, १०.२ असं दिसलं की समजावं. खऱ्या गावात एखादी ८.१ असतेच आणि एखादी १२.६ही.

आकडा कळला की पुढे काय, हे 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमाने २०१८पासून स्पष्ट ठरवून दिलं आहे. पहिल्या तीन महिन्यांत फक्त फॉलिक अ‍ॅसिड. चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडची, निदान १८० दिवस. जंतांसाठी दुसऱ्या तिमाहीत अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, एकदाच. हिमोग्लोबिन ७ ते १०.९ असेल तर रोज दोन गोळ्या, आणि महिन्याने पुन्हा तपासणी. महिन्याभरात एक ग्रॅम वाढलं पाहिजे. ७च्या खाली असेल तर गोळ्यांच्या भरवशावर ठेवायचं नाही, डॉक्टरकडे पाठवायचं. शेवटच्या तिमाहीत असेल तर दाखलच करायचं. ५च्या खाली असेल तर त्याच दिवशी रक्त चढवण्याची सोय असलेल्या इस्पितळात.

कागदावर हे सोपं आहे. प्रत्यक्षात गोळ्या घरच्या डब्यात पडून राहतात. मळमळ होते, शौचाला काळं होतं, खडा होतो, हे कुणी आधी सांगितलेलं नसतं. 'गोळ्यांनी बाळ मोठं होतं नि सिझर करावं लागतं' असं सासू किंवा शेजारीण सांगते, आणि तिसऱ्या दिवशी गोळी बंद होते. याला उपाय साधे आहेत. गोळी रात्री, जेवणानंतर तासाभराने घ्यायची. बरीचशी मळमळ झोपेत निघून जाते. शौचाचा रंग काळा होणारच, पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं की घाबरत नाहीत. चहाबरोबर गोळी घ्यायची नाही. आपल्याकडे सकाळ-संध्याकाळ पाव-चहा चुकत नाही, म्हणून रात्रीची वेळ त्या दृष्टीनेही बरी. लिंबू, आवळा, पेरू यांनी लोह जास्त शोषलं जातं. आणि कॅल्शियमची गोळी लोहाबरोबर अजिबात नाही, मध्ये निदान दोन तास हवेत. दोन्ही पाकिटं एकाच पिशवीत एकाच वेळी दिली जातात आणि बाई साहजिकच दोन्ही एकदम गिळते. महिना जातो, हिमोग्लोबिन हलत नाही आणि सगळे म्हणतात, 'ती गोळ्या घेतच नाही.' कार्यक्रमातली ही सर्वांत स्वस्तात सुधारता येणारी चूक आहे : लोहाच्या पाकिटावर पेनने चंद्र काढा, कॅल्शियमच्या पाकिटावर सूर्य.

सेविकेने 'गोळ्या घेतेस ना?' असं विचारू नये. उत्तर 'होय' असंच येतं. रिकामी पाकिटं आणायला सांगावं आणि मोजावीत. रोजच्या गोळ्या खरोखर घेऊनही महिन्यात एक ग्रॅम वाढलं नाही, तर तिला वर पाठवायचं. कारण ब जीवनसत्त्व १२ची कमतरता असू शकते, थॅलेसेमियाचा किंवा सिकलसेलचा अंश असू शकतो, मूळव्याधीतून रक्त जात असू शकतं. अशा बाईला आणखी दोन महिने त्याच गोळ्या देणं म्हणजे वेळ घालवणं.

सहाव्या महिन्यानंतर पहिल्यांदा आलेल्या बाईसाठी शिरेतून लोह देणं हा खरा आधार आहे. हिशोब असा : वजन गुणिले हवं असलेलं आणि असलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक, गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. पन्नास किलोची, ७.५ असलेली बाई ११वर आणायची तर ५० × ३.५ × २.४ म्हणजे ४२०, अधिक ५००, एकूण ९२० मिलिग्रॅम. आयर्न सुक्रोजने हे एक दिवसाआड २०० मिलिग्रॅमचे पाच डोस होतात, म्हणजे पाच हेलपाटे. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोजने एका बैठकीत १००० मिलिग्रॅमपर्यंत देता येतं. मजुरी बुडवून, दोन बस बदलून येणाऱ्या बाईसाठी पाच फेऱ्या आणि एक फेरी यांतला फरक फार मोठा आहे. सगळ्या फेऱ्या पुऱ्या करणं बऱ्याच जणींना जमत नाही. पहिल्या तिमाहीत मात्र हे देत नाहीत, आणि अ‍ॅलर्जीची तातडीची औषधं हाताशी असलेल्या केंद्रातच द्यायचं, नंतर अर्धा तास बसवून ठेवायचं. पंचायतीने आमदाराकडे काही मागायचंच असेल तर नवा सभामंडप मागण्यापेक्षा तालुक्याच्या आरोग्य केंद्रात हे इंजेक्शन बारा महिने शिल्लक राहील एवढं मागावं.

कॅल्शियमचं काम वेगळं आहे. गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब आणि झटके हे मातामृत्यूचं दुसरं मोठं कारण, आणि आहारात कॅल्शियम कमी असलेल्या समाजात पूरक कॅल्शियमने तो धोका उतरतो. आपल्याकडे १४व्या आठवड्यापासून ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या जेवणानंतर देतात, बाळंतपणानंतरही सहा महिने. बंगळुरू आणि टांझानियात झालेल्या मोठ्या चाचण्यांत, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, दिवसाला ५०० मिलिग्रॅम हे १५०० इतकंच उपयोगी ठरलं. म्हणजे एखादीला दोन गोळ्या झेपत नसतील तर एक तरी चुकवू नको, असं बिनधास्त सांगावं. अर्थात गोळी दिली म्हणून रक्तदाब मोजायचा सोडता येत नाही.

एक इशाराही द्यायला हवा. १९९९मध्ये नेपाळच्या एका चाचणीत 'अ' जीवनसत्त्वाने मातामृत्यू चाळीसेक टक्क्यांनी घटल्याचं दिसलं आणि सगळीकडे आशा पसरली. पुढे घाना आणि बांगलादेशात याहून मोठ्या चाचण्या झाल्या, तेव्हा तसं काहीच दिसलं नाही. म्हणून एखादी कंपनी 'मातामृत्यू रोखणारी' पौष्टिक भुकटी घेऊन पंचायतीत आली तर तिला चहा द्यावा आणि वाटेला लावावं.

आता शिधा. गरोदर आणि स्तनदा मातांसाठी दिवसाला ६०० किलोकॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं असं प्रमाण २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यात ठरलं, वर्षातून ३०० दिवस. त्याच कायद्याने तो तिचा हक्क आहे. २०१७मध्ये त्यासाठी दिवसाला साडेनऊ रुपये दर ठरला. साडेनऊ रुपयांत अंडं बसवून बघा, मग समजेल पाकिटात भुकटी का येते. तोच ६००चा हिशोब आपल्या स्वयंपाकघरात असा होतो : उकडे तांदूळ ७५ ग्रॅम, आळसांदे (गोव्यातली चवळी) ४० ग्रॅम, शेंगदाणे १५ ग्रॅम, गूळ १५ ग्रॅम आणि एक अंडं. साधारण ६०० किलोकॅलरी आणि २४-२५ ग्रॅम प्रथिनं. अंडं खात नसेल तर आळसांदे वाढवा, किंवा कुळीथ. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तारले काट्यासकट खाल्ले तर तेही कॅल्शियमच, आणि ते बाजारातले सगळ्यात स्वस्त मासे. तांबडी भाजी चांगलीच, पण रक्तक्षय झालेल्या बाईचं रक्त भाजीने भरेल या समजुतीत कुणी राहू नये. भाजीतलं लोह फार थोडं अंगी लागतं. ७.५ वरच्या बाईला बीट आणि खजूर सुचवणं हा सल्ला नाही, वेळकाढूपणा आहे.

घरातला शिधा घरातल्या सगळ्यांचा होतो, हेही गृहीत धरा. दोन किलोचं पाकीट घरी गेलं की त्यातला तिचा वाटा किती, हे कुणी सांगू शकत नाही. अंगणवाडीत बसवून एक वेळ खाऊ घालणं म्हणूनच जास्त उपयोगी. दूरच्या वाड्यांवर ते जमत नाही, तिथे पाकीटच बरं.

गोव्याची दुसरी बाजू उलटी आहे. त्याच राष्ट्रीय पाहणीत राज्यातल्या तीनांतल्या एका बाईचं वजन जास्त निघालं. गरोदरपणातला मधुमेह आणि रक्तदाब इथे नेहमीचे झालेत. अशा बाईला 'दोघांचं खा' म्हणत गोड भुकटी देणं बरोबर नाही. पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर बघायची. १४० किंवा जास्त आली तर तिच्या शिध्यातली साखर काढून डाळ आणि अंडं वाढवायचं. सगळ्यांना एकच पाकीट, हा कार्यक्रमाचा मोठा दोष आहे.

हे सगळं करायचं कुणी? देशभर गावागावांत आशा कार्यकर्त्या आहेत, गोव्यात ती योजना राबवलीच गेली नाही. त्यामुळे घराघरांत जाणारी माणसं दोनच : अंगणवाडी सेविका आणि उपकेंद्राची एएनएम, म्हणजे परिचारिका. दोघी दोन वेगळ्या खात्यांच्या. सेविकेच्या मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर वजन आणि शिधा असतो, हिमोग्लोबिन एएनएमच्या नोंदीत. एकीला माहीत नसतं की दुसरीच्या वहीत तीच बाई ७.८ आहे. म्हणून महिन्यातून एकदा, गावच्या आरोग्य-पोषण दिवशी, दोघींनी वह्या शेजारी ठेवून नावं जुळवावीत. ज्या बाईचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, ती धोक्यातली समजावी. तासाभराचं काम आहे, आणि मला विचाराल तर या सगळ्या उत्तरातली सर्वांत उपयोगी सूचना हीच.

नावं गळतात ती ठरावीक ठिकाणी. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते, सासरच्या अंगणवाडीत ती 'गैरहजर' आणि माहेरच्या अंगणवाडीत तिची नोंदच नाही. नेमके शेवटचे तीन महिने गोळ्या थांबतात. डोहाळजेवणाची खबर सेविकेला असतेच. त्याच वेळी माता-बाल कार्ड, दोन महिन्यांच्या गोळ्या आणि माहेरच्या सेविकेचा फोन नंबर तिच्या हाती द्यावा. दुसरी गळती स्थलांतरित मजुरांची. वास्को, झुआरीनगर, औद्योगिक वसाहती, बांधकामं, मासेमारीच्या जेटी इथे कर्नाटक, बिहार, झारखंड, ओडिशातून आलेल्या बायका असतात. अंगणवाडीचा आहार मिळायला गोव्यातल्या वास्तव्याचा दाखला लागत नाही, तरी 'तुझं नाव गावाकडे आहे ना' म्हणून परत पाठवलं जातं. ठेकेदाराकडून दर महिन्याला कामावरच्या कुटुंबांची यादी पंचायतीने मागावी. बांधकामाच्या परवान्याच्या वेळी तशी अट घालून ठेवली तर आणखी सोपं. तिसरी गळती सांगे, सत्तरी, काणकोणमधल्या धनगर आणि इतर वस्त्यांची, जिथे नेटवर्क नाही. ट्रॅकरवर चेहऱ्याची पडताळणी झाली नाही म्हणून शिधा अडत असेल तर कागदी नोंद करून शिधा द्यावा आणि पडताळणी नंतर करावी, असं लेखी मागून घ्या.

पैशांचंही त्यात येतं. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला ५००० रुपये मिळतात, दुसरं बाळ मुलगी असेल तर ६०००. पहिला हप्ता गरोदरपणातच हाती पडला तर अंडी आणि बसभाडं होतं. बाळ रांगायला लागल्यावर आलेल्या पैशांचा या कामाला उपयोग नाही. अर्ज बहुतेक वेळा बँक खातं आधारशी जोडलेलं नसल्याने किंवा लग्नानंतरचं आडनाव जुळत नसल्याने अडतो. नोंदणीच्याच दिवशी हे दोन्ही तपासावं.

आणि बाळंतीण. मातामृत्यू प्रसूतीनंतरच्या ४२ दिवसांपर्यंत मोजतात, आपला कार्यक्रम मात्र बाळ जन्मलं की बाळाकडे वळतो. लोहाच्या आणखी १८० गोळ्या तिला द्यायच्या असतात, त्या देण्याची आठवण फार थोड्या ठिकाणी राहते. त्यात घरचं पथ्य असतं : पंधरा दिवस नुसती पेज, मासळी वर्ज्य, पाणी कमी. सुंठ, मेथी, अळिवाचे लाडू यांना हरकत नाही, पण डाळ, अंडं, मासळी बंद केली तर प्रसूतीत गेलेलं रक्त भरणार कशातून? इथे आजेसासूशी वाद घालून काही साधत नाही. पेजेत कुळीथ किंवा आळसांदे शिजवून घाला, असं सांगितलं की ते मान्य होतं. इस्पितळातून सोडताना डॉक्टरांनी हिमोग्लोबिन मोजून कार्डावर लिहावं आणि सेविकेने पहिल्या आठवड्याच्या भेटीत तो आकडा बघावा. १०च्या खाली असेल तर पुढचं बाळंतपण लवकर येऊ नये म्हणून कुटुंबनियोजनाची गोष्टही त्याच भेटीत काढावी.

समितीने दर महिन्याच्या बैठकीत चार प्रश्न विचारावेत, आणि उत्तरं आकड्यांत घ्यावीत. गावात आज गरोदर किती, आणि दोन्ही वह्यांत मिळून नावं तितकीच आहेत का? ९च्या खाली कोण, आणि मागच्या महिन्यापेक्षा तिचा आकडा वाढला का? लाल गोळ्यांचा आणि पट्ट्यांचा साठा किती दिवसांचा शिल्लक आहे? गेल्या ४२ दिवसांत बाळंत झालेल्या कुणाकडे अजून कुणी गेलेलं नाही? साठा महिन्याभराच्या खाली आला की त्याच दिवशी मागणीचं पत्र जायला हवं. चतुर्थीच्या सुट्ट्यांच्या आधी तर नक्कीच, कारण त्या आठवड्यात ना गोळ्यांची गाडी येते, ना कचेरीत कुणी भेटतं.